रविवारी न उघडणारं झाकण

आधीच सांगून टाकतो, मी तापट आहे. शिळफाट्यावर कुणालाही विचारा, मिक्सर-वॉशिंग मशीनवाला मनोज कसा आहे? तो म्हणेल, हात सोन्याचा पण जीभ मिरचीची. आता लोक मिक्सरच्या भांड्यात गळ्यापर्यंत खोबरं कोंबतात, जळका वास येईस्तोवर फिरवतात आणि वर मलाच विचारतात, मशीन खराब दिलं काय हो? अशा वेळी माणूस गोड कुठून बोलणार? पण कळंबच्या सोनुबाईंपुढं माझी बोलती बंद झाली. आयुष्यात असं दोनदाच झालंय. एकदा लग्नाच्या दिवशी, आणि एकदा तिथं.

कर्जत तालुक्यातल्या कळंबला कमलेश आणि त्याची बायको संजनाताई यांचं पाहुण्यांसाठीचं छोटं घर आहे. चार खोल्या, पुढं अंगण, मागं भातशेती. शनिवार-रविवार मुंबईकडची माणसं येऊन राहतात, गावरान कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या हाणतात, हिरवळीचे फोटो काढतात आणि जातात. कमलेश शेती बघतो, संजनाताई स्वयंपाक आणि पाहुणे बघतात, आणि भांडी बघतात सोनुबाई. गेली अकरा वर्षं. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक आणि आवाज असा की मागच्या दारातून बोलल्या तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल.

भांडीवालीचं एवढं काय सांगतोस, असं कुणी म्हणेल. तर त्यांच्या गावाला गावकीची भांडी आहेत. मोठे टोप, पराती, कढया, दीडशे ताटं, सगळं गावानं मिळून घेतलेलं. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायचं आणि घासून आणून द्यायचं. वीस वर्षं ही भांडी गावकीच्या खोलीत सोनुबाईंच्या ताब्यात होती. टोपाच्या काठाला भाताचं एक शीत जरी चिकटलेलं दिसलं तरी टोप परत. मग आणणारा कोणी का असेना. एका माजी सरपंचाच्या पोरीचं लग्न झालं, त्याच्या माणसांनी टोप तसाच तेलकट आणून ठेवला. सोनुबाईंनी खुद्द सरपंचाला बोलावून घेतलं, आणि भर उन्हात तो टोप त्याच्या डोक्यावर देऊन परत धाडला. माणूस मुकाट्यानं गेला. ही गोष्ट मला कळंबात तीन जणांनी सांगितली, आणि तिघांनीही हसत सांगितली.

तर असं हे माणूस. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात चिरायला लागले. बोटांना भेगा पडायच्या, रक्त यायचं, रात्री आग व्हायची. कर्जतच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साबण आणि पाणी बंद. मुलगा साजगावच्या कारखान्यात कायम झालेला. तो म्हणाला, आई, आता पुरे, घरी बस. सोनुबाईंनी त्याला विचारलं की घरी बसून काय भिंतीला टेकू देऊ? त्यांना घरात काही कमी नव्हतं. सून चांगली, नातू गोड. पण सकाळी उठून जायला जागा असणं आणि तिथं कुणीतरी आपली वाट बघणं, ते त्यांना घरी मिळणार नव्हतं. हे त्या असं सांगायच्या नाहीत. हे मी सांगतोय, कारण मी त्यांना बघितलंय.

मग संजनाताईंनी तोड काढली. भांडी धुण्याचं मशीन आणलं. सोनुबाईंनी फक्त भांडी लावायची, साबणाची वडी टाकायची आणि धुतलेली काढायची. हात कोरडे. दुकानदाराशी बोली अशी, की पंधरा दिवसांत समाधान झालं नाही तर मशीन परत. संजनाताईंनी सोनुबाईंनाही सरळ सांगितलं होतं. काकी, मशीन चाललं तर तुम्ही राहा, माझी काही हरकत नाही. पण नाही चाललं तर मी तुमचे हात असे बघू शकणार नाही. मशीन परत देईन, दोन पोरी कामाला ठेवीन आणि तुम्ही घरी आराम करा. मायेनंच बोलल्या त्या. पण सोनुबाईंचं सगळं आता त्या मशीनवर अडकलं.

आणि मशीन चालेना.

म्हणजे चालायचं, पण साबण पडायचा नाही. या मशीनच्या दाराला आतल्या बाजूनं साबणाचा एक कप्पा असतो. त्यात वडी ठेवायची, झाकण टिचकी वाजेपर्यंत दाबायचं. अर्धं धुणं झालं की ते झाकण आपोआप उघडतं आणि वडी खाली पाण्यात पडते. इथं झाकण उघडायचंच नाही. दोन तासांनी दार उघडावं तर वडी कप्प्यात अर्धवट भिजून चिकटलेली आणि ताटांवर रश्श्याचा तवंग जसाच्या तसा. गंमत म्हणजे सोमवारी, मंगळवारी चहाचे कप टाकले तर उघडायचं. शनिवार-रविवारी मात्र हमखास नाही. मुंबईकरांबरोबर मशीनलाही सुट्टी.

कंपनीची दुरुस्ती आमच्या भागात माझ्याकडे. पहिल्या मंगळवारी गेलो. स्वयंपाकघर असं लख्ख, की चप्पल बाहेर काढूनही मला आत पाय ठेवायला लाज वाटली. सिंकमध्ये चमचासुद्धा नाही. मी मशीन रिकामं लावलं, झाकण बरोबर वेळेवर उघडलं. परत लावलं, परत उघडलं. मग माझं डोकं सटकलं. शिळफाटा ते कळंब म्हणजे काही शेजारचा वाडा नाही, मध्ये कर्जतच्या फाटकापाशी अर्धा तास उभा होतो मी. संजनाताईंसमोर सोनुबाईंना म्हणालो, मावशी, मशीनला सगळं कळतं, फक्त झाकण नीट लावायचं काम माणसाचं असतं. सोनुबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. तक्रारीच्या कागदावर मी लिहिलं, वापरणाऱ्याची चूक. आज त्याची शरम वाटते.

पुढचा शनिवार, रविवार, पुन्हा तेच. संजनाताईंनी फोनवर फोटो पाठवले, वडी कप्प्यात तशीच. दुसऱ्या मंगळवारी अख्खा कप्पा नवा घेऊन गेलो. पुन्हा तेच लख्ख स्वयंपाकघर. जुना कप्पा काढला, नवा बसवला, रिकामं मशीन लावलं, चोख चाललं. मला वाटलं, विजेचा घोळ असेल. शनिवार-रविवारी आसपासच्या सगळ्या रिसॉर्टांचे एसी एकदम सुरू होतात, दाब उतरत असणार. कमलेशला मीटर देऊन आलो. म्हटलं, दर तासाला आकडा लिहून ठेव. बिचाऱ्यानं शनिवारी दिवसभर लिहिला. वीज ठणठणीत. आणि शनिवारी दुपारी झाकण पुन्हा बंद.

त्या रविवारी मुदत संपत होती. संजनाताईंनी दुकानदाराला कळवून टाकलं आणि संध्याकाळी पाचला टेंपो ठरवला. मला म्हणाल्या, दादा, तुम्ही चारला येऊन एकदा शेवटचं बघा, नाही तर मशीन जाईल. तेव्हा मला वाटलं, जाऊ दे ना बाबा एकदाचं, माझी पण कटकट जाईल. खरं सांगतो, असंच वाटलं.

पण झालं काय, नेरळचं एक काम रद्द झालं. बायकोनं दिलेला डबा मी वाटेत एका झाडाखाली बसून संपवला आणि चारऐवजी अडीचलाच कळंबला पोचलो. पुढं पाहुणे निघायच्या गडबडीत, संजनाताई त्यांच्या पाठीमागं. मी सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. आणि दारातच थबकलो.

सिंक, ओटा, फरशी, सगळीकडे जेवणाची भांडी. पंधरा-सोळा माणसांची ताटं, कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, भाकरीचं पीठ मळलेली परात. आणि सोनुबाई कोपरापर्यंत फेसात, घाईघाईनं ताटं घासतायत. मला बघून अशा दचकल्या, की हातातलं ताट निसटलं. हात मागं घेतले, पण मी ते बघितले होते. बोटांच्या भेगा उकलून लाल झाल्या होत्या.

मी विचारलं, डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना? त्या म्हणाल्या, तू चारला येणार व्हतास.

मला क्षणभर कळेचना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि माझी मलाच कीव आली. मी येणार म्हणून ही बाई दर वेळी अगोदर सगळं हातानं घासून ठेवत होती. दोन्ही मंगळवारी, आणि आजसुद्धा. आणि मी ते लख्ख स्वयंपाकघर बघून रिकामं मशीन लावत होतो आणि ते चालतंय म्हणून गुरगुरत होतो. मी म्हणालो, मावशी, माणूस डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जातो का? ही भांडी आहेत तशी मशीनमध्ये लावा, रोज लावता तशीच. मला बघायचंय.

त्या माझ्या आणि भांड्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, दोन्ही हात पसरलेले, फेस ठिबकतोय.

"माझ्या हाताखालचं खरकटं आजवर भाईरच्या माणसानं बघितलं नाय," त्या म्हणाल्या. "गावकीच्या खोलीत नाय, घरात नाय, हितं पण नाय. तू भाईर जा. मी घासते, मग ये."

मी समजावलं. मग ओरडलो. मग पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणालो, पाचला टेंपो येतोय, मशीन गेलं तर तुम्हीही गेलात, कळतंय का? ते त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. पण पाय हलले नाहीत. त्यांचं काम जाणार होतं आणि तरी त्या खरकटं दाखवायला तयार नव्हत्या. असा राग आला मला, आणि खरं सांगू, त्याच वेळी अशी माया आली की विचारू नका.

मी बाहेर गेलो. गाडीच्या पिशवीतून माझा डबा काढून आणला. तीन पुडांचा, बोंबलाच्या कालवणाचा. तीनही पुडं उघडली आणि त्यांच्यासमोर ओट्यावर मांडली. काठाला भात वाळलेला, तळाला तेल गोठलेलं, एका पुडात बोंबलाचे काटे.

"हे घ्या," मी म्हणालो. "आधी माझं खरकटं बघा."

सोनुबाईंनी बघितलं. वाकून बघितलं. एक काटा चिमटीत धरून वर उचलला. मग सुरू झाल्या. बायकोनं पहाटे उठून रांधायचं आणि तू तिला हे असं घरी नेऊन देणार? वाटेत नळ नव्हता? डब्यात घोटभर पाणी घालून हलवायला काय हात मोडले होते? गावकीच्या खोलीवर असा डबा कुणी आणला असता तर मी त्याला तोच डबा गळ्यात बांधून गावभर फिरवलं असतं. मी खाली मान घालून ऐकत होतो. आणि बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. असं फुटलं की ओल्या हातांनीच डोळे पुसायला लागल्या आणि फेस डोळ्यांत गेला.

मग त्या बाजूला झाल्या. म्हणाल्या, बघ बाबा, बघ. आज माझी सगळीच लाज निघायची हाय.

आणि भांडी लावायला लागल्या. हात काय चालतो त्या बाईचा! वर कप आणि पेले, खाली ताटं ओळीनं, वाट्या कोपऱ्यात, माझ्या डब्याची पुडं वरच्या जाळीत. सगळ्यात शेवटी तांदळाच्या पिठाची परात उचलली आणि खालच्या जाळीत अगदी पुढं, दाराला लागून, उभी केली. मग वडी ठेवली, झाकण टिचकी वाजेपर्यंत नीट दाबलं आणि दार लावायला गेल्या.

मी त्यांचा हात धरला. दार अर्धं उघडं ठेवून आत वाकून बघितलं. दार लागलं की परातीची पाठ साबणाच्या झाकणापासून जेमतेम एका बोटावर येत होती. झाकण उघडायला जाणार, परातीला आपटणार आणि तिथंच अडून बसणार. शनिवार-रविवार पाहुणे, पाहुण्यांना भाकऱ्या, भाकऱ्यांना परात. सोमवारी घरची चार माणसं भात खातात, परात फडताळात. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो. नवा कप्पा काय बदलला, मीटर काय लावला. कपाळ माझं.

मी विचारलं, परात पुढंच का? त्या म्हणाल्या, मग कुठं? मोठं भांडं नेहमी दाराशी. गावकीच्या खोलीत मोठे टोप आणि पराती दाराजवळ असत, कारण दार उघडल्याबरोबर नजर टाकली की कळायला हवं, काय आहे आणि काय गेलंय. लहान भांडं मागं राहिलं तरी चालतं. वीस वर्षांत त्यांची एक परात हरवली नव्हती. हे त्या मोठ्या अभिमानानं सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं. आवाज खाली आला.

"म्हणजे मशीन चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळंच अडत व्हतं."

मी म्हणालो, तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं. दोनदा येऊन गेलो आणि एकदाही विचारलं नाही की मावशी, तुम्ही भांडी लावता कशी. पण त्यांनी ऐकलं असं मला वाटत नाही. परात मी मागच्या बाजूला, आडवी टेकवून ठेवली, झाकणासमोर वीतभर मोकळं ठेवलं आणि मशीन सुरू केलं. तीन वाजून गेले होते. पूर्ण धुण्याला दोन तास.

त्या दोन तासांत सोनुबाई एकदाही बसल्या नाहीत. मी चहा मागितला, दिला. स्वतः घेतला नाही. मशीनपाशी उभ्या, आत पाणी कसं फिरतंय ते ऐकत. मध्येच मी त्यांना म्हणालो, आता कान लावा. त्यांनी दाराला कान लावला. आतून टक् असा बारीक आवाज आला. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला नाही.

टेंपो कधी वेळेआधी येत नाही. त्या दिवशी पावणेपाचला आला आणि अंगणात उभा राहून हॉर्न वाजवायला लागला. संजनाताई आत आल्या, मशीन चालू बघून चकित झाल्या. म्हणाल्या, दादा, राहू दे आता, बंद करा, तो थांबणार नाही. मी म्हणालो, अर्धा तास. त्याला चहा द्या, वडा द्या, काय वाटेल ते द्या, पण अर्धा तास. आणि मी बोललो त्यात काहीतरी असणार, कारण त्या स्वतः स्टूल ओढून बसल्या.

मशीन वाजलं. मी दार उघडलं. वाफेचा लोट आला आणि मग साबणाचं झाकण दिसलं, सताड उघडं. कप्पा रिकामा, कोरडा. ताटं चकचकीत. परातीच्या काठाला पिठाचा कणसुद्धा नाही. आणि माझा डबा, बापरे, लग्नात मिळाला तेव्हाही एवढा चमकत नव्हता.

संजनाताईंनी एक एक ताट उलटंपालटं करून पाहिलं. मग विचारलं, काय बिघडलं होतं?

सोनुबाई माझ्या मागं उभ्या होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, झाकणाची स्प्रिंग ढिली होती ताई, कंपनीचा दोष, बसवली मी. इतकं बेमालूम खोटं मी गिऱ्हाइकाशीही कधी बोललो नव्हतो.

"खोटं नको बोलू रं," सोनुबाई म्हणाल्या.

आणि पुढं आल्या. आपले दोन्ही हात, भेगाळलेले, संजनाताईंसमोर धरले.

"संजना, दोष माझा हाय. परात मी पुढं लावत व्हते, झाकण तिला अडत व्हतं. आन हा येणार म्हणून तीन वेळा मी तुला न सांगता हातानं घासलं. त्यानं खरकटं बघू नये म्हणून. आता तू सांग, मी र्‍हाऊ का जाऊ?"

बाहेर टेंपोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. संजनाताईंनी ते हात बघितले, बराच वेळ बघितले. त्या रागावल्यायत की रडणार आहेत, मला ओळखता येईना. मग उठल्या आणि बाहेर गेल्या. सोनुबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. मी पाना उगाच पिशवीत टाकला, परत काढला.

बाहेर टेंपो सुरू झाला. मागं वळला. रस्त्याला लागला आणि त्याचा आवाज दूर गेला.

संजनाताई आत आल्या. फडताळातून मलमाची डबी काढली, सोनुबाईंच्या हातात ठेवली आणि भाजीची टोपली पुढ्यात ओढत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "काकी, उद्या सोमवार असला तरी पुण्याचा गट येतोय, पहाटेच. बारा माणसं. सातला नाश्ता आहे."

सोनुबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आवाज, तो नेहमीचाच, पार रस्त्यापर्यंत गेला.

"सातला कशाला? साडेसहाला येते."